सुई, दोरा आणि नातवंडे

(समाजाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



कार्यकारी मंडळाने आम्हांस आज चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा आम्ही प्रथम नकारच दिला होता. ज्याचा जन्म मान खाली घालून शिवणयंत्राचे पायडल चालविण्यात गेला, त्याने मान वर करून सभेपुढे काय बोलावे? परंतु चिटणीसांनी आमची सुटका केली नाही. ते म्हणाले, "घरी नातवंडांना जे शिकवता, तेवढेच सांगा, आणखी काही नको." आम्ही विचार केला, एवढे मात्र आम्हांस सांगता येईल. त्यात पांडित्य नाही. त्यात एक कबुलीजबाब मात्र आहे, आणि तो आपल्या माणसांपुढे दिलेलाच बरा.

आपला समाज शिंप्यांचा. नामदेवराय आपल्या ज्ञातीचे भूषण. त्यांची 61 पदे गुरू ग्रंथसाहिबात समाविष्ट आहेत, आणि त्यांतील काही पदांत गज, कातर, सुई आणि दोरा यांची रूपके आली आहेत. ज्या महात्म्याने पंढरपूरपासून पंजाबातील घुमानपर्यंत भक्तीची पेठ वसविली, त्याला आपल्या धंद्यातील हत्यारांचा संकोच वाटला नाही. तो संकोच आम्हांस वाटला. तो कसा, हे आता सांगतो.

आमच्या वडिलांचे दुकान एका तालुक्याच्या गावी, बाजारपेठेतल्या ओट्यावर होते. शाळा सुटली की आम्ही थेट ओटा गाठत असू. आठव्या वर्षी आम्ही काजे करू लागलो, दहाव्या वर्षी तुरपाई करू लागलो. दिवस मावळला की वडील आमच्या हाती नालाच्या आकाराचा लोहचुंबक देत आणि जमिनीवर पडलेल्या सुया-टाचण्या गोळा करावयास सांगत. त्या वयात तो आम्हांस खेळच वाटे. उरलेल्या चिंध्यांचा आम्ही चेंडू करीत असू, बहिणी बाहुल्या करीत, आणि थंडीच्या तोंडावर आजी त्याच चिंध्यांतून गोधडीला ठिगळे निवडीत असे. उगाच कातर वाजविली तर घरात भांडण होते, असे ती बजावी. आम्ही ती मुद्दाम वाजवीत असू आणि भांडण तत्काळ होत असे.

पुढे दुकान आमच्याकडे आले. दिवाळी आणि लग्नसराईत रात्रीचे दोन वाजत. आमच्या मनाने एक गाठ बांधली की, आपल्या मुलाच्या हातात सुई येऊ द्यावयाची नाही. तो नऊ वर्षांचा असताना एके दुपारी त्याने दुकानातल्या चिंध्या जोडून आपल्या आईसाठी एक लहानशी पिशवी शिवली. टाके वेडेवाकडे होते, बंद एकीकडे लांब, एकीकडे आखूड. ती त्याने मोठ्या हौसेने आम्हांस दाखविली. आम्ही ती त्याच्या हातून घेतली आणि चिंध्यांच्या पोत्यात टाकली. म्हणालो, "या चिंध्यांतून तू बाहेर पडावेस म्हणून आम्ही रात्री जागतो. पुन्हा सुईला हात लावलेला खपणार नाही." त्याने पुन्हा लावला नाही. तो शिकला, इंजिनियर झाला, आज पुण्यात उत्तम हुद्द्यावर आहे. आमचा हेतू सफळ झाला, असेच आम्ही पुष्कळ वर्षे समजत होतो.

कालांतराने तयार कपड्यांपुढे आमचे गिऱ्हाईक ओसरले. सौभाग्यवतीही निवर्तल्या. दुकानाला कुलूप लावून आम्ही मुलाकडे राहावयास आलो. येथे आमचा नातू आठ वर्षांचा, नात पाच वर्षांची. एके सकाळी नातवाच्या शाळेच्या सदऱ्याचे बटण तुटले. सूनबाईंनी कपाटे धुंडाळली, खण उपसले. घरात सुई सापडेना. मुलगा सहज म्हणाला, "राहू द्या, संध्याकाळी नवा सदरा आणतो." बंधूंनो, शिंप्याचे घर, आणि त्या घरात सुई नाही! एका बटणासाठी अख्खा सदरा टाकून द्यावयाचा! आम्ही काही बोललो नाही. बोलण्याचा अधिकार आम्हीच घालविला होता. आम्ही ट्रंकेतून जुना पत्र्याचा डबा काढला. त्यात अंगुस्तान, खडू, रिळे, लोहचुंबक सारे जसेच्या तसे होते. आम्ही नातवाला जवळ बोलाविले आणि म्हटले, "बटण तूच लाव. आम्ही शेजारी बसतो."

तेथून जे सुरू झाले, ते आज आपणांस सांगावयाचे आहे. यांतील एकाही वस्तूस पैसा लागत नाही. घरातील जुने धुवट सुती कापड, सुई, दोरा, कातर आणि वडीलधाऱ्या माणसाचा तास-दीड तास, एवढेच साहित्य.

अगदी लहान मुलांसाठी, म्हणजे चार-पाच वर्षांच्या, सुईविना होणारी चिंधीची बाहुली घ्यावी. हातरुमालाएवढे पांढरे कापड पसरावे, मधोमध चिंध्यांचा लिंबाएवढा गोळा ठेवावा, कापड त्याभोवती आवळून खाली दोऱ्याने घट्ट बांधावे, डोके झाले. दुसऱ्या पट्टीची घट्ट सुरळी करून तिची दोन्ही टोके बांधावीत; हे हात. सुरळी मानेखाली आडवी घालून छातीवर दोरा फुलीसारखा फिरवावा. मग उरलेल्या कापडाची साडी. नाक-डोळे मुलानेच पेनाने काढावेत. आपण सुधारू नयेत. आमच्या नातीच्या बाहुलीचा एक डोळा कपाळावर आहे. तो तेथे का, असे विचारता तिने उत्तर दिले, "ती वर बघतेय." यावर कोणत्या वडीलधाऱ्याने काय बोलावे?

त्यानंतर कापडी चेंडू. चिंध्यांच्या गोळ्यावर दोन बोटे रुंदीच्या लांब सुती पट्ट्या ओढून गुंडाळाव्यात. प्रत्येक वेढ्याला दिशा बदलावी, नाहीतर चेंडू अंड्यासारखा होतो. मोसंब्याएवढा झाला की शेवटचे टोक टाके घालून पक्के करावे आणि वरून सुतळीची जाळी विणावी किंवा दोऱ्याचे वेढे भरावेत. लगोरीस हा चेंडू उत्तम. घरात खेळला तरी काच फुटत नाही, ही गोष्ट सूनबाईंस विशेष पसंत पडली.

सात-आठ वर्षांच्या मुलाच्या हातात सुई द्यावी. पहिला धडा बटणाचा. दोरा दुहेरी असावा आणि हातभराहून लांब घेऊ नये. लांब दोरा गुंततो आणि मुलाचा धीर सुटतो. बटणावर, भोकांच्या मधोमध, आगपेटीची एक काडी आडवी धरावी आणि टाके तिच्यावरून घ्यावेत. चार-पाच टाके झाले की काडी काढून घ्यावी. दोरा सैल पडतो. बटण थोडे वर ओढून त्याच्या खाली दोऱ्याचे तीन वेढे द्यावेत आणि मागच्या बाजूस गाठ मारावी. ही युक्ती आमच्या वडिलांची. वेढ्यांमुळे बटणाला देठ मिळतो, काजाच्या कापडाला जागा राहते, आणि बटण ओढले जाऊन तुटत नाही. पहिल्या दिवशी नातवाच्या बोटाला सुई टोचली, रक्ताचा थेंब आला. सूनबाई धावत आल्या. आमच्याही काळजाचा ठोका चुकला. त्याने बोट तोंडात घातले, क्षणभर आमच्याकडे पाहिले आणि उरलेला टाका पुरा केला. तो सदरा घालून तो शाळेत गेला, तेव्हा दिवसभर त्याचा हात त्या एका बटणावर होता, असे त्याच्या बाईंनी सांगितले.

सुईचे नियम मात्र कडक असावेत. बसताना सुया मोजून घ्याव्यात, उठताना मोजून ठेवाव्यात. सुई गादीत खोचावी, कपड्यात किंवा तोंडात कधीही नाही. कातर दुसऱ्यास देताना पाती आपल्या मुठीत धरावीत. शेवटी लोहचुंबक फिरवावा. हे काम मुलांकडेच द्यावे. आमची नातवंडे त्यासाठी भांडतात, तेव्हा आम्हांस आमचा ओटा दिसू लागतो.

आणि मग गोधडी. प्रथम बाहुलीची करावी, फूटभर रुंद आणि दीड फूट लांब. वर-खाली जुन्या साडीचे मऊ तुकडे, मध्ये जुन्या धोतराचे दोन-तीन थर. कापड वापरून धुवून विरलेले असावे. सुई त्यातून लोण्यासारखी जाते. कोरे सुती कापड घ्यावयाचे झाल्यास आधी धुवावे, कारण ते आटते आणि मग गोधडीस सुरकुत्या पडतात. थर नीट पसरून लांब कच्च्या टाक्यांनी टाचून घ्यावेत. मग काठापासून एक बोट आत धावदोरा सुरू करावा आणि चारी बाजूंनी फिरत फिरत मध्यापर्यंत यावे. प्रत्येक टाका तळाच्या कापडापर्यंत पोचला पाहिजे. दोरा फार ओढू नये. कापड चुण्या धरते. चारी कोपऱ्यांवर त्रिकोणी घडी घातलेले रंगीत तुकडे लावले की गोधडीस रूप येते. कोणी तिला गोधडी म्हणते, कोणी वाकळ. ऊब कोठून येते, हे मुलांस अवश्य सांगावे. ऊब कापडात नसते. थरांमध्ये अडकून राहिलेल्या हवेत असते. टाके त्या थरांना सरकू देत नाहीत.

हे करताना किती गोष्टी आपोआप शिकविल्या जातात, याचे आम्हांसच नवल वाटले. कापडाचा तुकडा मुलाच्या हाती द्यावा आणि उभ्या धाग्यावर ओढावयास सांगावा; तो ताणत नाही. आडव्या धाग्यावर जरासा ताणतो. उरेब, म्हणजे तिरपा, ओढला की रबरासारखा लांबतो. गळ्याला पट्टी उरेबच का लावतात, हे मग सांगावे लागत नाही. वडिलांचा लाकडी गज आम्ही नातवाला दाखविला. एका गजाचे 16 गिरह, एक गिरह म्हणजे सव्वादोन इंच, आणि गज पुरा 36 इंचांचा. त्याने मीटरची पट्टी शेजारी ठेवली आणि गज 91 सेंटिमीटरांहून किंचित जास्त भरतो, हे स्वतः शोधून काढले. आता घरातल्या प्रत्येकाची उंची तो गिरहमध्ये सांगतो. आम्ही पंचवीस गिरहच भरतो, असे कळले. म्हातारपणात उंची घटते, हे त्याला समजावून सांगावे लागले.

ही आमच्याच डोक्यातून निघालेली कल्पना आहे, असे कोणी समजू नये. जर्मनीत फ्रेबेल या शिक्षणवेत्त्याने 1837 मध्ये लहान मुलांसाठी जी शाळा काढली आणि पुढे जिला बालोद्यान असे नाव दिले, तिच्यात कागदाच्या घड्या, पट्ट्यांची वीण आणि शिवण यांस मानाचे स्थान होते. महात्माजींनी 1937 मध्ये वर्धा येथील परिषदेत जी शिक्षणपद्धती मांडली, तिचा कणाच हस्तोद्योग होता. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी 1945 पासून बोर्डीस, आणि नंतर कोसबाडच्या टेकडीवर, जे बालशिक्षण उभे केले, त्यात परिसरातील साध्या वस्तूच शैक्षणिक साधने झाल्या. आणि आपल्या पुण्यातच अरविंद गुप्ता यांनी आगपेटीच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्व्हची नळी, रिकाम्या बाटल्या अशा टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी करून दाखविली. 2018 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. या थोरांनी जे शाळेत आणले, ते आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या होते. आपणच ते दाराबाहेर ठेवले.

येथे एक शंका कोणी घेईल, आणि ती रास्त आहे. ज्या कष्टांतून मुलांस सोडविण्यासाठी आपल्या पिढीने जिवाचे रान केले, त्याच कष्टांकडे त्यांना पुन्हा वळवावयाचे काय? नव्हे, खचित नव्हे. आम्ही काजे केली ती हौसेने केली, असे आज सांगणे सोपे आहे; परंतु दिवाळीच्या आदल्या रात्री डोळ्यांत झोप दाटलेली असताना जी काजे आम्ही केली, ती हौस नव्हती, गरज होती. आमच्याबरोबर चौथीतूनच शाळा सोडून कायमचे दुकानात बसलेले दोन मित्र आम्हांस आठवतात. त्यांच्या बोटांची स्तुती करून त्यांच्या बुडालेल्या शिक्षणावर पांघरूण घालावे, इतके आम्ही निगरगट्ट नाही. चौदा वर्षांखालील मुलास कामावर ठेवण्यास आज कायद्याने बंदी आहे, ती योग्यच आहे. पोटासाठी मुलाच्या हातात दिलेली सुई वेगळी आणि आनंदासाठी दिलेली सुई वेगळी. आमची चूक हीच झाली की, पहिली काढून घेताना आम्ही दुसरीही काढून घेतली. मुलाच्या हातातील पिशवी आणि आमच्या डोळ्यांवरील झोप यांतील अंतर आम्हांस कळले नाही.

आणि आता ती कबुली पुरी करतो. बाहुलीची गोधडी झाल्यावर नातवंडांनी स्वतःसाठी मोठी गोधडी करावयास घेतली. वरचे कापड त्यांच्या आजीच्या एका जुन्या लुगड्याचे होते. एका रविवारी दुपारी आम्ही तिघे जमिनीवर बसून धावदोरा घालीत होतो. मुलगा दारात येऊन उभा राहिला. बराच वेळ उभा होता. मग खाली बसला आणि म्हणाला, "बाबा, मी आईसाठी एक पिशवी शिवली होती. आठवते?"

आम्हांस आठवत होती. इतक्या वर्षांत एक दिवस असा गेला नसेल, असे म्हणणे खोटे होईल. परंतु त्या सुई न सापडलेल्या सकाळपासून ती रोज आठवत होती. आम्ही म्हटले, "आठवते. आम्ही चुकलो." नातवंडे आमच्याकडे पाहू लागली. आजोबा चुकतात, ही वार्ता त्यांस नवी होती. मुलगा काही बोलला नाही. ती पिशवी कोठे गेली, हे त्याने विचारले नाही; विचारले असते तर आमच्यापाशी उत्तर नव्हते. पोत्यातल्या चिंध्या त्याच आठवड्यात विकल्या गेल्या होत्या. त्याने सुई मागितली. त्याला दोरा ओवता येईना. त्याच्या मुलाने ओवून दिला. मग चाळीस ओलांडलेल्या त्या गृहस्थाने आपल्या आईच्या लुगड्यावर टाके घातले. ते वेडेवाकडे होते. नातू म्हणाला, "बाबा, उसवून परत घाला." आम्ही म्हटले, "राहू देत."

ती गोधडी आज येथे आणलेली आहे. संमेलनानंतर ज्यांना पाहावयाची असेल त्यांनी अवश्य पाहावी. मध्यापासून डावीकडे, ओळ वाकडी झालेली दिसेल. ती तशीच ठेविली आहे.

बंधुभगिनींनो, समाजापुढे ठराव मांडण्याची आमची योग्यता नाही. विनंती तेवढी करतो. प्रत्येक घरात एक डबा असावा, त्यात सुई, दोरा, कातर, बटणे असावीत, आणि एक पिशवी अशी असावी की, जुने सुती कापड टाकून न देता तिच्यात जमा व्हावे. आठवड्यातून एक दुपार आजी-आजोबांनी नातवंडांसाठी राखावी. मुलगे आणि मुली दोघांसही बसवावे. शिवण ही बायकांची गोष्ट, असे निदान आपल्या ज्ञातीत तरी कोणी म्हणू नये. ज्यांची नातवंडे परगावी वा परदेशी आहेत, त्यांनी सुट्टीत ती घरी आली म्हणजे पहिल्या दिवशी डबा उघडावा. ज्यांना नातवंडे नाहीत, त्यांना शेजारची आहेत. पुढील वर्षी या सभागृहात मुलांच्या हातच्या वस्तू मांडाव्यात. मात्र त्यांत पहिला, दुसरा, तिसरा असे क्रमांक लावू नयेत. क्रमांक आला की आईबापांचे हात मध्ये येतात, आणि बाहुलीचा डोळा मुकाट्याने जागेवर जातो.

आपल्या मुलांनी शिंपी व्हावे, असा आमचा आग्रह नाही. त्यांनी डॉक्टर व्हावे, इंजिनियर व्हावे, वाटेल ते व्हावे. परंतु काही फाटले तर ते जोडता येते, हे त्यांच्या बोटांना ठाऊक असावे. आम्हांस ते नीट कळावयास फार उशीर झाला. आपणांस तसा होऊ नये, एवढ्यासाठीच हा आमच्या घरचा वृत्तांत आपल्या कानी घातला.